पाय टेकला की दंड!

मोटारसायकलची स्पर्धा म्हटली की धूळ, धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज डोळ्यांपुढे येतो. जो सर्वांत पुढे तो जिंकला, हिशेब सोपा. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात किनलॉखलेव्हन नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे दरवर्षी एप्रिल सरता सरता किंवा मे उजाडताना दोन दिवसांची एक आगळीच स्पर्धा भरते. इथे वेगाला कुणी विचारत नाही. माणूस चालतो त्या गतीनं, कधी त्याहूनही सावकाश, स्पर्धक शेवाळलेल्या दगडधोंड्यांवरून आपली गाडी वर चढवतो. अट एकच. पाय जमिनीला लागता कामा नये. पाय टेकला की दंड!

आणि गाड्या कशा, तर सगळ्या म्हाताऱ्या. १९६५ सालापूर्वीच्या घडणीच्या. ज्या वयात माणसं निवृत्त होऊन बागेतल्या बाकावर बसतात, त्या वयाच्या मोटारसायकली इथे डोंगर चढतात. कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी त्यांत शोधून सापडायची नाही. कुणी ती सुट्या भागांची चार खोकी म्हणून विकत घेतलेली असते, कुणाला ती एखाद्या शेतावरच्या गोदामात गंजत पडलेली मिळालेली असते. मग हिवाळ्याच्या लांबलचक रात्री घरामागच्या शेडमध्ये बसून तिला पुन्हा उभं केलं जातं.

या स्पर्धेचं नाव प्री-सिक्स्टीफाइव्ह स्कॉटिश ट्रायल. तिच्या निमित्तानं हे गाव, हा खेळ आणि या गाड्या नव्यानं घडवणारी माणसं यांची ओळख करून घेऊ या. वाटेत आपल्या चांगल्या परिचयाची एक गाडीही भेटणार आहे.

डोंगराच्या कुशीतलं विजेचं गाव

ग्लासगो शहरातून उत्तरेला निघालं की रस्ता लॉख लोमंडच्या काठाकाठानं जातो. लॉख म्हणजे तळं, किंवा जमिनीत आत घुसलेली समुद्राची खाडी. पुढे रॅनॉख मूर हे ओसाड, दलदलीचं पठार लागतं. मैलोगणती घर नाही, झाडंही विरळच. नुसतं तपकिरी गवत आणि काळ्या पाण्याची डबकी. ते संपतं न संपतं तोच ग्लेन्कोची दरी सुरू होते. दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे कडे आणि त्यांवरून उतरणारे पाण्याचे पांढरे धागे. पावसाळ्यात माळशेज घाट पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटत नाही. थंडी मात्र हाडांपर्यंत पोचते.

ग्लेन्को गावापाशी मुख्य रस्ता सोडून उजवीकडे वळायचं. लॉख लेव्हन या खाडीच्या काठानं दहा-अकरा किलोमीटर गेलं की खाडी संपते आणि तिच्या टोकाशी किनलॉखलेव्हन लागतं. गावाच्या नावाचा गेलिक भाषेतला अर्थही तोच, लेव्हन खाडीचं टोक. १९७५ साली बॅलाहुलिश इथे खाडीवर पूल झाला. त्याआधी फोर्ट विल्यमकडे जाणारी मोटार एक तर फेरीबोटीच्या रांगेत उभी राहायची, नाही तर खाडीला वळसा घालून या गावातून जायची. पूल झाला आणि गाव एका बाजूला पडलं.

विसाव्या शतकाच्या आरंभी इथे नदीच्या दोन तीरांवर दोन वाड्या तेवढ्या होत्या. त्यांचं गाव झालं ते ॲल्युमिनियममुळे. हा धातू वितळवायचा तर वीज बेसुमार लागते. पाऊस भरपूर आणि डोंगर उंच, म्हणजे वीज स्वस्त. म्हणून १९०५ ते १९०९ या काळात वरच्या पठारावर ब्लॅकवॉटर धरण बांधलं गेलं. सुमारे ९०० मीटर लांबीचं हे धरण हजारो मजुरांनी मुख्यतः पहार, फावडं आणि घमेल्याच्या जोरावर उभं केलं. त्यांतले कितीतरी आयर्लंडहून आणि स्कॉटलंडच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेले होते. धरणाजवळ त्यांच्यातल्या काहींचं छोटं दफनस्थान आहे. साध्या काँक्रीटच्या खुणांवर नावं कोरलेली आहेत. एका खुणेवर मात्र नाव नाही, फक्त ‘अज्ञात’ अशी नोंद आहे.

धरणाचं पाणी आधी पाटानं आणि मग सहा जाडजूड पोलादी नळांतून डोंगरउतारावरून थेट गावातल्या वीजघरात येतं. खोपोलीला घाटातून उतरणारे टाटांच्या वीजघराचे नळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. खोपोलीचं वीजघर १९१५चं, म्हणजे जवळपास त्याच पिढीतलं. किनलॉखलेव्हनच्या घराघरांत वीज इतक्या लवकर आली की त्याला ‘विजेचं गाव’ असंच नाव पडलं.

नव्वदएक वर्षं कारखान्यानं गावाला पोसलं. २००० साली तो बंद झाला. नळांतून पाणी मात्र आजही वाहतं आणि वीजही तयार होते. या नळांच्या कडेनं वर जाणारी खडकाळ चढण हीच या स्पर्धेतली सर्वांत गाजलेली जागा. तिचं नावच ‘पाइपलाइन’.

सावकाश चला, स्पर्धा जिंका

या खेळाला ट्रायल म्हणतात, म्हणजे परीक्षा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारसायकल नवी होती आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. ती चढ चढेल का, चिखलात बंद पडेल का, सहा दिवस टिकेल का, हे पाहण्यासाठी अशा परीक्षा सुरू झाल्या. स्कॉटलंडमधली अशी पहिली मोठी परीक्षा १९०९ साली झाली. तिचीच पुढे ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ झाली. फोर्ट विल्यमला मुक्काम ठोकून मे महिन्यात भरणारी ही सहा दिवसांची स्पर्धा या खेळाची पंढरीच म्हणायला हवी. दोन महायुद्धं, २००१ सालचा गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाचा फैलाव आणि २०२० व २०२१ची कोविडची वर्षं यांनीच काय ती तिला खीळ घातली. जुन्या गाड्यांची आपली स्पर्धा तिच्या आदल्या शुक्रवारी-शनिवारी भरते. एडिनबर्गचा एकच मोटर क्लब या दोन्ही स्पर्धा भरवतो.

खेळाचे नियम घरातल्या लहान मुलालाही कळतील असे आहेत. डोंगरात ठिकठिकाणी अवघड टप्पे आखलेले असतात. कुठे ओढ्याचं पात्र, कुठे उभी चढण, कुठे झाडाच्या मुळांमधलं अरुंद वळण. प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक हातात कागद घेऊन उभा असतो. टप्पा पार करताना एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन. गाडी थांबली, पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर पाच. पाय न टेकवता पार झाला तर शून्य. शेवटी ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजेता. निरीक्षक हौशी असतात. दिवसभर पावसात उभं राहून ते दुसऱ्याचे पाय मोजतात.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण जवळपास दीडशे किलोंची गाडी, खाली डगमगणारे धोंडे, चाक घसरतंय, समोर गुडघ्याएवढी पायरी. अशा वेळी पाय आपोआप खाली जातो. तो न जाऊ देणं हीच सगळी साधना. १९६१ सालच्या सिक्स डेजमध्ये गॉर्डन जॅक्सन या स्वारानं ३५० सीसीच्या एजेएस गाडीवर सहाच्या सहा दिवसांत मिळून फक्त एक दंडगुण घेतला. सहा दिवस, डोंगरामागून डोंगर, आणि पाय टेकला तो एकदाच! या खेळातली जुनी माणसं त्या एका पावलाबद्दल अजून बोलतात.

हा फक्त पुरुषांचा खेळ होता असंही समजू नका. १९२७ साली इंग्लंडमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत मार्जरी कॉटल, लुई मॅक्लीन आणि एडिथ फोली या तिघींच्या संघानं सिल्व्हर व्हाझ हा चषक पटकावला होता. तेव्हाच्या गाड्यांना मागच्या चाकाला स्प्रिंगही नसायची.

१९६५ची रेघ

मग १९६५ हीच रेघ का आखली? त्यामागे एका माणसाची आणि दोन गाड्यांची गोष्ट आहे.

सॅमी मिलर हा मूळचा बेलफास्टचा. एरियल कंपनीची ५०० सीसीची एचटी-५ ही त्याची गाडी. ‘जीओव्ही १३२’ हा तिचा नंबर शौकिनांना आजही तोंडपाठ आहे. या गाडीचं वजन कमी करण्याचा मिलरनं ध्यासच घेतला होता. पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम, पत्र्याच्या जागी फायबरग्लास, फ्रेमला रेनॉल्ड्सच्या हलक्या नळ्या. जिथे म्हणून थोडं वजन वाचेल तिथे त्यानं ते वाचवलं आणि ती भारी गाडी जवळजवळ ११० किलोंपर्यंत खाली आणली. १९६२ आणि १९६४ची सिक्स डेज त्यानं याच गाडीवर जिंकली.

त्याच सुमाराला स्पेनमधल्या बुल्टॅको कंपनीनं त्याला बोलावून घेतलं. मिलरच्या मदतीनं तिथे शेर्पा नावाची छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाची गाडी घडली. वजन शंभर किलोंच्याही आत. १९६५ साली मिलरनं तिच्यावर सिक्स डेज जिंकली आणि पुढे १९६७ व १९६८ सालीही. एका हंगामात सगळं उलटंपालटं झालं. आदल्या वर्षीपर्यंत ज्या ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्या राज्य करत होत्या, त्या एकदम जुन्या ठरल्या. काही वर्षांत कितीतरी ब्रिटिश कारखान्यांना कुलूप लागलं आणि गाड्या भंगारात गेल्या.

वीसेक वर्षांनी, १९८०च्या दशकात, काही हौशी मंडळींनी त्या पुन्हा बाहेर काढल्या आणि या स्पर्धेची मुहूर्तमेढ रोवली. शेर्पा येण्याआधीचं जग जपून ठेवायचं, म्हणून १९६५ची रेघ.

हाडं जुनी, सांधे नवे

आता एखादी जुनी गाडी डोंगरासाठी कशी तयार होते, ते पाहू.

आधी गाडी निवडायची. खिसा बेताचा असेल तर बीएसए बँटम. हिचा जन्मही मजेदार. युद्धानंतर जर्मन डीकेडब्ल्यू कंपनीच्या गाडीचा आराखडा नुकसानभरपाई म्हणून ब्रिटनच्या हाती आला. त्यावरून १९४८ साली ही गाडी निघाली आणि घरोघरी तारा पोचवणाऱ्या पोरांच्या हातात गेली. दुसरी आवडती गाडी म्हणजे २०० सीसीची ट्रायम्फ टायगर कब. मोठ्या इंजिनाची हौस असेल तर एरियल, एजेएस, मॅचलेस किंवा रॉयल एनफील्ड.

आणि ग्रीव्ह्ज. या नावामागे मायेची गोष्ट आहे. बर्ट ग्रीव्ह्ज याचा चुलतभाऊ अपंग होता. बर्टनं त्याच्या चाकाच्या खुर्चीला छोटं इंजिन बसवून दिलं. त्यातून अपंगांसाठी तीनचाकी गाड्या बनवण्याचा धंदा उभा राहिला आणि त्यातूनच पुढे मोटारसायकली निघाल्या. फ्रेमच्या पुढच्या भागात ओतीव ॲल्युमिनियमची जाड पट्टी ही ग्रीव्ह्जची ओळख. १९६९ची सिक्स डेज ग्रीव्ह्जनंच जिंकली.

गाडी घरी आली की पहिलं काम उतरवण्याचं. दिवा, बॅटरी, डायनामो, जड मडगार्ड, लांब सीट, सगळं बाजूला. मग फ्रेम उघडी पडते. ती कुठे वाकली आहे का, सांध्यांत बारीक चीर आहे का, हे बोटांनी चाचपून पाहावं लागतं. त्या काळच्या पुष्कळ फ्रेम्स नळ्या सांध्यांत घालून पितळेनं जोडलेल्या. तो जोड आच लावून मोकळा करायचा, नळी बदलायची, पुन्हा जोडायचा. आच जास्त झाली तर नळी कमजोर होते, कमी झाली तर पितळ आत उतरत नाही. हे पुस्तक वाचून येत नाही. असं काम जाणणारे हात आता मोजकेच उरले आहेत.

मग गाडीचा तोल बदलायचा. पाय ठेवायच्या कांड्या मागे आणि वर घ्यायच्या, म्हणजे उभं राहून चालवता येतं. पुढच्या फोर्कचा कोन थोडा उभा करायचा, म्हणजे गाडी जागच्या जागी वळते. इंजिनाखाली ॲल्युमिनियमची जाड पट्टी लावायची, नाही तर पहिल्याच धोंड्यावर इंजिनाचं पोट फुटायचं. मागचं दातेरी चक्र मोठं बसवायचं, म्हणजे वेग घटतो आणि ओढ वाढते. इंजिनालाही घाईची सवय मोडायला लावायची. कॉम्प्रेशन कमी, कार्बुरेटर लहान, आतलं फ्लायव्हील जड. मग ते ठक् ठक् करत इतक्या सावकाश फिरतं की ठोके मोजावेत. तरी बंद पडत नाही आणि चाकाची पकड सुटू देत नाही.

टायरमध्ये हवा भरायची ती पाच-सहा पौंड, मोटारीच्या पाचव्या हिश्श्याइतकी. त्यामुळे टायर दगडावर चपटा बसतो. पण एवढ्या कमी हवेत तो रिमवरून सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून टाकतो. म्हणून आतून क्लॅम्प लावून त्याला रिमशी जखडून ठेवतात.

या सगळ्यात डोकं खातात ते नट-बोल्ट. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे मिलिमीटरच्या मापात बसत नाहीत. एकाच गाडीवर व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकलचे आटे सुखानं नांदत असतात. त्यांचे पाने वेगळे, टॅप-डाय वेगळे. हल्लीची नवी डोकेदुखी म्हणजे पेट्रोल. साठच्या दशकातल्या फायबरग्लासच्या टाक्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे मऊ पडतात. ब्रिटनमध्ये २०२१ सालापासून दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळू लागलं. तेव्हा कितीतरी जणांना त्या सुंदर टाक्या फडताळात ठेवून ॲल्युमिनियमच्या टाक्या ठोकून घ्याव्या लागल्या.

रेडिचहून मद्रासला

आता ती ओळखीची गाडी. बुलेट!

आपल्याकडे बुलेट म्हटली की पोलीस, लष्कर आणि गावच्या पाटलाचा रुबाब आठवतो. पण तिचं पहिलं नाव गाजलं ते चिखलात. इंग्लंडमधल्या रेडिच गावी रॉयल एनफील्डचा कारखाना होता. १९४८ साली नवी बुलेट बाजारात येण्याआधीच तिचे नमुने ट्रायल स्पर्धेत उतरवण्यात आले. मागच्या चाकाला स्विंगिंग आर्म आणि शॉकॲब्सॉर्बर हे तिचं नावीन्य. तेव्हाचे पट्टीचे स्वार म्हणत, मागचं चाक असं हलायला लागलं तर पकड राहील कशी? बुलेटनं उत्तर डोंगरावर दिलं. १९५२ साली जॉनी ब्रिटन या तरुणानं ३५० सीसीच्या बुलेटवर सिक्स डेज जिंकली आणि १९५७ साली पुन्हा जिंकली. त्याचे वडील व्हिक ब्रिटन हेही नामांकित स्वार, म्हणजे हे बाळकडू घरातच मिळालेलं.

त्याच दशकात आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरण्यासाठी बुलेट पसंत पडली आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली. पुढे रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० साली इंग्लंडमधली कंपनीच संपली. मद्रासची बुलेट मात्र तीच घडण घेऊन दशकानुदशकं निघत राहिली. जी गाडी जन्मभूमीत इतिहासजमा झाली, तिचं इंजिन आपल्याकडे गल्लीतला मिस्त्री डोळे मिटून खोलत होता. १९७७ पासून तर भारतीय बुलेट उलट्या वाटेनं इंग्लंडला निघाली. आज तिथे कुणी जुनी रेडिचची बुलेट डोंगरासाठी उभी करतो, तेव्हा भारतात बनलेले कितीतरी भाग त्याच्या कामी येतात. २०१९ साली कंपनीनं ब्रिटनच्या त्या विजयांच्या आठवणीसाठी ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी भारतात काढली होती. वर उचललेला सायलेन्सर, एकच सीट, रंगीत फ्रेम. ती फार दिवस चालली नाही. पण ती रस्त्यावर पाहून ‘हे काय नवीन सोंग?’ म्हणणाऱ्यांना आता कळेल, ते सोंग ७० वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडचं होतं.

जुनं म्हणजे किती जुनं?

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण या हौसेच्या पोटात एक भांडणही आहे आणि ते वर्षानुवर्षं धुमसतंय.

स्पर्धा म्हटली की जिंकावंसं वाटतं. मग कुणी जुन्या फ्रेमऐवजी हलक्या नळ्यांची नवी फ्रेम करून घेतो. कुणी संगणकावर चालणाऱ्या यंत्रातून ॲल्युमिनियमचे नवे हब काढतो. फोर्क बाहेरून साठ सालचा, आतून कालचा. मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. असं करता करता शेवटी गाडीवर बँटमचं नाव राहतं, पण बीएसएच्या कारखान्यात बनलेला भाग हातात मावेल एवढाच उरतो. अशा गाडीला हजारो पौंड मोजावे लागतात. मग जो मेकॅनिक आपल्या शेडमध्ये, आपल्या हातानं, मूळच्या भागांवर मेहनत घेतो, त्यानं कुणाशी लढायचं? ज्यानं वीस किलो वजन पैशानं उतरवलं आहे, त्याच्याशी?

दुसरी बाजूही खोटी नाही. साठ वर्षांपूर्वीची ओतीव पेटी थकलेली असते. डोंगरावर ती फुटली तर स्वाराचा जीव जाऊ शकतो. मूळ भाग संपत आले आहेत. शिवाय स्वारही आता म्हातारे झाले आहेत. साठी ओलांडलेल्या माणसाला गाडी दहा किलोंनी हलकी मिळाली, तर तो आणखी पाच वर्षं डोंगरावर येऊ शकतो. हलकी गाडी म्हणजे फसवणूकच, असं त्याच्या तोंडावर कोण म्हणणार?

संयोजक यातून वाट काढत असतात. डिस्क ब्रेक चालत नाही, मागे एकच शॉकॲब्सॉर्बर असलेली आधुनिक रचना चालत नाही, बाहेरून दिसणारे मुख्य भाग त्या काळच्या घडणीचे हवेत. स्पर्धेआधी गाड्यांची तपासणी होते. ब्रिटनमधल्या इतर क्लबांनी तर वेगवेगळे गट केले आहेत. मागे स्प्रिंग नसलेल्या गाड्यांचा एक, स्प्रिंगवाल्यांचा दुसरा, अशी विभागणी असते. तरी पळवाटा निघतात आणि वाद चालू राहतो.

आपल्याला हा वाद समजायला कठीण नाही. गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार आपण पाहतो. कुठे ढासळलेली भिंत त्याच दगडात, त्याच घडणीत पुन्हा रचली जाते आणि देऊळ आणखी शंभर वर्षं उभं राहतं. कुठे काळ्या पाषाणावर चकचकीत फरशी आणि ऑइलपेंट चढतो. दोन्हींना नाव जीर्णोद्धारच. फरक शेंबड्या पोरालाही कळतो, पण नियमात लिहायला गेलं की शब्द अपुरे पडतात.

मला यातून एक साधी कसोटी सुचते. नवा भाग जुन्या भागाचंच काम करत असेल, तर तो खुशाल बसवावा. नवी नळी, नवा पिस्टन, मद्रासहून आलेला नवा गिअर, यानं गाडी जगते. पण जे जुन्या गाडीला कधी जमलंच नसतं ते नव्या भागामुळे जमायला लागलं, तर ती गाडी वेगळी झाली. जॅक्सनच्या त्या एका दंडगुणाचं मोल त्याच्या गाडीच्या वजनात आहे. ते वजनच काढून टाकलं, तर आजच्या शून्याची तुलना त्याच्या एकाशी करता येत नाही.

या गाड्या काचेच्या पेटीत ठेवून मात्र भागणार नाही. मिलरनं इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू मिल्टन इथे मोठं मोटारसायकल संग्रहालय उभारलं. तिथल्या शेकडो गाड्या पाहून डोळे निवतात. पण पितळेचा जोड कसा लावायचा, मॅग्नेटो पावसात कसा कोरडा ठेवायचा, इंजिनाचा ठोका ऐकून कुठे काय सैल आहे ते कसं ओळखायचं, ही विद्या काचेआड टिकत नाही. गाडी डोंगरावर मोडते तेव्हाच ती कुणाला तरी शिकावी लागते.

पाइपलाइनच्या चढणीवर

तुमचं कुणी ब्रिटनमध्ये असेल आणि मेच्या सुमाराला तिकडे जाणं झालं, तर वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही. लंडनहून रात्रीची आगगाडी सकाळी फोर्ट विल्यमला सोडते. समोर ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर, १,३४५ मीटरचं बेन नेव्हिस. तिथून किनलॉखलेव्हन रस्त्यानं साधारण ३४ किलोमीटर. पावसाचा कोट आणि चांगले बूट हवेतच. उन्हाळा चढू लागला की ‘मिज’ नावाची चिलटं जीव नकोसा करतात. मेच्या आरंभी त्यांचा त्रास त्या मानानं कमी असतो. मुलं बरोबर असली तर उत्तमच, कारण निकाल त्यांनाही मोजता येतो.

गावातून पायवाटेनं पाइपलाइनच्या चढणीपर्यंत चालत जाता येतं. दोन्ही बाजूंच्या उतारावर माणसं दाटीवाटीनं उभी असतात. खालून एखाद्या इंजिनाचा संथ ठोका ऐकू येतो आणि गर्दी हळूहळू गप्प होते. स्वार कांड्यांवर उभा, गुडघे किंचित वाकलेले, नजर दहा हात पुढच्या दगडावर. चाक घसरतं, पुन्हा पकड घेतं. शेजारच्या पोलादी नळांतून धरणाचं पाणी खाली उतरत असतं. पिकल्या केसांचा निरीक्षक पुढे झुकून पाहतो तो फक्त स्वाराच्या बुटांकडे. गाडीचं नाव, तिची किंमत, तिच्यातले जुने-नवे भाग, यातलं काहीही त्याच्या कागदावर लिहायचं नसतं. तिथे आकडा तेवढा पडतो. शून्य, एक, दोन, तीन किंवा पाच.